पसरणीच्या घाटातील वाफ

पुण्याहून महाबळेश्वरास जाणारा प्रवासी वाईस थांबतो तो बहुधा चहापुरता. फार तर ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, कृष्णेच्या घाटावर चार छायाचित्रे काढतो आणि पसरणीच्या घाटाकडे गाडी वळवितो. मीही आजवर वीस-पंचवीस वेळा तसाच वाईवरून गेलो असेन. सन २०२२ च्या मार्गशीर्षात मात्र या गावाने आम्हांस दोन रात्री ठेवून घेतले. निमित्त अगदीच गद्य होते. आमच्या जुन्या मोटारीतील पाणी कोठेतरी गळत होते, आणि ते कोठे हे तीन महिने कोणासच सांगता आले नव्हते.

ही मोटार म्हणजे आमचे वडील बंधू, ज्यांना घरात सारे दादा म्हणत, त्यांनी १९९२ च्या डिसेंबरात घेतलेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. तिचा मूळ वंश इटलीतील फियाट ११०० चा. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकापाशी. आजच्या मुलांना तो दांडा पाहून हसू येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ही गाडी दोन पिढ्यांनी पाहिली; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही तेथून निवृत्त झाली. आमच्या घरी तिने दोन मुलींची लग्ने, एक मुंज आणि आईचे अखेरचे इस्पितळात जाणे, इतके सारे पाहिले.

दादा गेले त्याला त्या वेळी सव्वा वर्ष झाले होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबाने डिसेंबरअखेर आमची मुदत संपत होती. घरात एके रात्री जेवणे झाल्यावर विचार झाला. गाडी पाणी पिते, तिचे भाग मिळत नाहीत, पुन्हा तपासणीचा खर्च कशाला, भंगारात द्यावी, असे बहुमत पडले. मीही त्या बहुमतातच होतो हे कबूल केले पाहिजे. वहिनी काही बोलल्या नाहीत. भांडी आवरून झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एकदा हिच्यातून क्षेत्र महाबळेश्वरी जाऊन येऊ. मग तुम्हांला वाटेल ते करा." दादा आणि त्या दरवर्षी मार्गशीर्षात पंचगंगेच्या देवळात जात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आपल्यासाठी म्हणून काही मागितल्याचे मला तरी आठवत नाही. तेव्हा पुतण्याने बँकेतून दोन दिवसांची रजा काढली, आणि आम्ही तिघे पहाटे निघालो.

खंबाटकीचा घाट गाडीने बरा काढला. सुरूर फाट्यावरून आत वळल्यावर वडाच्या जुन्या झाडांची जी कमान लागते, तिच्याखाली वहिनींनी काच खाली करून घेतली. वाईस न थांबता आम्ही तसेच पुढे गेलो, आणि ही चूक झाली. काट्याकडे पाहण्याचे काम माझ्याकडे होते. शाहीर साबळ्यांचे जन्मगाव पसरणी मागे पडले व चढ सुरू झाला. उजवीकडे कृष्णेचे खोरे उलगडू लागले, धोमच्या जलाशयाचे पाणी चमकू लागले, पलीकडे पांडवगड दिसू लागला. मी पांडवगडाकडे पाहत राहिलो. पुन्हा काट्याकडे पाहिले तेव्हा तो अखेरच्या तांबड्या खुणेवर टेकला होता, आणि पुढच्या झाकणाच्या दोन्ही कडांतून पांढरे लोट निघू लागले.

"काका, आग!" असे ओरडून पुतण्याने गाडी कठड्याशी घेतली. आम्ही वहिनींना उतरवून दूर एका दगडावर बसविले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यायशास्त्राचा पहिला पाठ ज्यांनी गिरविला आहे त्यांना पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान ठाऊक आहेच. आणि त्याच पाठाच्या उत्तरार्धात गुरुजी बजावतात की जे दिसते ते धूरच आहे ना, हे आधी पाहा. वाफेस किंवा धुक्यास धूर समजून केलेले अनुमान फुकट जाते. हा पाठ मी चाळीस वर्षे मुलांना सांगितला. प्रत्यक्ष पर्वत समोर, त्यावर पांढरा लोट समोर, आणि मी पुतण्याबरोबर आगीच्याच कल्पनेने वाळू शोधीत होतो! लोटाला जळका वास नव्हता. उलट किंचित गोडसर, पाक उकळत असावा तसा वास होता. तो वास हाच खरा हेतू होता. मोटारीच्या पाण्यात जे शीतक द्रव घालतात त्यातील ग्लायकॉलाचा तो वास. वहिनींनी दगडावरूनच सांगितले, "अहो, ही वाफ आहे. कुकरची शिटी उडाल्यासारखी." स्वयंपाकघराचा अनुभव शास्त्राला असा भारी पडला.

आता पुतण्या पुढे झाला, त्याने हातरुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचे टोपण फिरविण्यास हात घातला. मी मागे पाण्याची बाटली घेऊन उभा. इतक्यात वरून उतरणाऱ्या एस.टी.च्या चालकाने गाडी हळू करून खिडकीतून ओरडून सांगितले, "टोपण खोलू नका, आजोबा! तोंड भाजंल! अर्धा तास बसा गप." आणि तो निघून गेला. त्या गृहस्थाचे नाव ठाऊक नाही. पण पुतण्याचा चेहरा आज धड आहे तो त्याच्यामुळे.

त्याचे कारण असे. समुद्रसपाटीवर पाणी शंभर अंशांवर उकळते. उंचीवर त्याहून कमी अंशांवर. दर तीनशे मीटरांस सुमारे एक अंश असा ढोबळ हिशेब आहे. पांचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांच्या आसपास, म्हणजे तेथे पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळू लागते. चढावर एंजिन तापते ते नेमके याच वेळी. म्हणून रेडिएटरचे टोपण साधे झाकण नसते. ते कुकरच्या शिटीसारखे स्प्रिंगचे असते व आतील पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू सुमारे दीड-पावणेदोन अंशांनी वर सरकतो. पाण्यात निम्मे शीतक असेल तर तो आणखी चढतो. आता असे शंभर अंशांच्या वर तापलेले पण दाबामुळे न उकळलेले पाणी आत असताना टोपण काढले, तर दाब एकदम जातो, सारे पाणी क्षणात वाफ होऊ पाहते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. माझ्या हातातील बाटलीही तितकीच घातक होती. या एंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापलेल्या हेडात थंड पाणी पडले की ते वाकते, प्रसंगी तडकते. हेड गेले की अशा जुन्या गाडीचे आयुष्य संपलेच. म्हणजे तीन माणसे, एक गाडी आणि एका वृद्ध स्त्रीची एकुलती एक इच्छा यांचा निकाल त्या अर्ध्या मिनिटात लागत होता, आणि तो आमच्या शहाणपणाने नव्हे, तर दुसऱ्याच्या ओरडण्याने चांगला लागला.

आम्ही पाऊण तास बसलो. वहिनींनी डब्यातील दशम्या काढल्या. वरची रबरी नळी हाताने दाबून पाहिली; ती मऊ लागली, हाताला सोसवेल इतकी निवली, तेव्हा जाड पंचा घालून टोपण आधी अर्धेच फिरविले, फुसकारा जाऊ दिला, मग पुरते काढले. एंजिन चालू ठेवून त्यात थोडे थोडे पाणी घातले. पिण्याचे होते नव्हते ते सारे पाणी संपले. चढून जाणे शक्य नव्हते. उतरणीला एंजिनावर भार नसतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू आम्ही वाईस परत आलो. (ज्या गाड्यांत हीटर असतो त्यांनी अशा वेळी तो पूर्ण सोडावा, एंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने निघून जाते. आमच्या गाडीत ती सोय नव्हती.)

वाईस बसस्थानकाच्या बाजूस विचारपूस करता करता एका मिस्त्रीचा पत्ता लागला. साठीचा, अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. पत्र्याच्या शेडपुढे दोन जीपगाड्या व एक ट्रॅक्टर. त्याने आमची गाडी पाहिली आणि प्रथम टोपावरून हात फिरविला, जसा जनावरावरून फिरवितात. मग विचारले, "पाणी कधीपासनं कमी हुतंय?"

पुतण्याने सर्व इतिहास सांगितला. तीन महिन्यांपासून आठवड्यास लिटरभर पाणी घालावे लागते. पुण्यातील एका कारखान्यात दोनदा दाखविले. त्यांनी वरची नळी ओली दिसली म्हणून ती बदलली. पुन्हा गळू लागले तेव्हा दुसरी नळी बदलली व आणखी काहीतरी केले. काय ते बिलात लिहिले नव्हते. शेवटी त्यांनी हेड-गॅस्केट गेले असेल, एंजिन उघडावे लागेल, असा सल्ला दिला. भंगाराचे बहुमत त्या सल्ल्यावरच उभे होते.

"गुरुजी," मिस्त्री मला म्हणाला (मी शिक्षक होतो हे त्याने कशावरून ओळखले देव जाणे), "पाणी कुठं पडतंय ते बघून उपेग न्हाई. कुठनं सुटतंय ते बघायचं. आज काय कळायचं न्हाई. गार हुंद्या रातभर. सकाळी या."

रात्री एका धर्मशाळावजा लॉजमध्ये राहिलो. संध्याकाळी वहिनींना घेऊन घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचे हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधिले. पुष्कळ लोक मूर्तीचा आकार पाहतात व परततात. परंतु देवळाची मागील भिंत पाहिली पाहिजे. नदीच्या पुराचा लोंढा ज्या बाजूने येतो तिकडे ती भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे. पाण्याला अडविण्यापेक्षा त्याला वाट द्यावी, ही बुद्धी त्या गवंड्याला होती. दुसऱ्या दिवशी ही भिंत मला पुन्हा आठवावयाची होती, पण तेव्हा ते ठाऊक नव्हते.

सकाळी आठ वाजता आम्ही शेडवर हजर झालो. एंजिन थंडगार होते. मिस्त्रीने आधी वाईटात वाईट शंकेचा निकाल लावला. तेलाची कांडी काढून बोटावर तेल घेतले. ते काळे होते, दुधाळ नव्हते. तेल ओतण्याच्या टोपणाखाली पांढरट साय नव्हती. चारही प्लग काढून पाहिले. पाणी आत जात असेल तर त्या सिलिंडराचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, आमचे चारही सारखेच मळकट होते. मग टोपण न लावता एंजिन चालू केले व रेडिएटरच्या तोंडात पाहत राहिला. गॅस्केट फाटले असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुड्यांची अखंड माळ सुटते. बुडबुडे नव्हते. "हेड चांगलंय," एवढेच तो म्हणाला. पुतण्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले.

त्यानंतर मिस्त्रीने जे केले ते मला फार आवडले. साऱ्यांचे डोळे एंजिनावर. त्याने मान वर करून उघडलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूस बॅटरी मारली. तेथे, पंख्याच्या बरोबर वर, आडव्या रेषेत वाळलेल्या पांढुरक्या-हिरवट थेंबांचा पट्टा उमटला होता. "हे बघा. पंख्यानं फेकलंय." पंखा ज्या पातळीत फिरतो त्याच पातळीत पाणी उडालेले, म्हणजे गळती पंख्याच्या मागे, त्याच्याच आसाशी असली पाहिजे. तेथून उडालेले थेंब वाऱ्याने मागे जाऊन नळ्यांवर पडत, आणि बिचाऱ्या नळ्या चोर ठरत. दोन नळ्यांना नाहक शिक्षा झाली होती.

अनुमान झाले, आता प्रत्यक्ष. सारा भाग चिंध्यांनी कोरडा पुसून त्यावर त्याने लहान मुलांची पावडर भुरभुरविली. (मला खडूची पूड सुचली, तीही चालते म्हणाला.) एका जुन्या टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून त्याने एक अवजार केले होते, ते रेडिएटरच्या तोंडावर बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली, शेजारी दाबमापक. मूळ टोपणावर जो दाब कोरलेला असतो त्याच्यावर जाऊ नये, नाही तर चांगला रेडिएटर फुटतो, हे त्याने पुतण्याला दोनदा सांगितले. काटा चढला, थांबला, आणि हळूहळू उतरू लागला. आम्ही तिघे वाकून पाहत होतो. पांढऱ्या भुकटीवर पाण्याच्या पंपाच्या दांड्यापासून एक काळी ओली रेघ निघाली आणि खाली ओघळली.

मिस्त्रीने पंख्याचे पाते टोकाशी धरून पुढेमागे हलविले. ते हलले. ते मुळीच हलता कामा नये. म्हणजे पंपाच्या बेअरिंगचीही वाट लागली होती.

दुपारी पट्टा सैल करून, पंखा व पुली काढून पंप बाहेर आला, आणि खरा प्रकार उघड झाला. या पंपाचे काम हृदयासारखे असते. पुढून पट्टा त्याचा दांडा फिरवितो, मागे पाण्यातील चक्र फिरते आणि एंजिनातील तापलेले पाणी रेडिएटरकडे ढकलते. पाणी व बेअरिंग यांच्यामध्ये एक सील असते: एक घासणारी कडी व तिला मागून रेटणारी लहानशी स्प्रिंग. हे सील केव्हातरी झिजणारच. म्हणून पंप घडविणारा त्याच्या अंगाला, सील व बेअरिंग यांच्यामधल्या जागेत, खालच्या बाजूस एक बारीक भोक मुद्दाम ठेवितो. सील झिजले की पाणी त्या भोकातून थेंब थेंब खाली पडते. बेअरिंगपर्यंत जात नाही, आणि मालकाला वेळीच वर्दी मिळते. ते भोक दोष नव्हे, ती दोषाची जीभ होय. आमच्या पंपाच्या त्या भोकात कोणीतरी काळे लुकण ठासून भरले होते!

बिलात न लिहिलेले "आणखी काहीतरी" ते हेच. भोकातून पाणी ठिबकते असे दिसले, म्हणून भोक बुजविले. ठिबकणे थांबले. परंतु पाण्याला वाट हवीच; ते दांड्यावरून बेअरिंगात शिरले, त्यातील ग्रीस धुऊन नेले, बेअरिंग खाल्ले आणि पुढून बाहेर पडून पंख्यावर आले. मला आदल्या संध्याकाळची रास्त्यांची भिंत आठवली ती येथे. मिस्त्री रागावला नाही. टोकदार सळईने ते लुकण कोरून काढीत एवढेच म्हणाला, "ज्यानं भरलं त्याला भोकाचं काम ठावं नव्हतं." मी मात्र मनातून वरमलो होतो. घरात कोणी तक्रार करू लागले की विषय बदलून ती बुजविण्यात माझा हात फार चांगला बसलेला आहे.

पंपाचे किट, म्हणजे दांडा, बेअरिंग व सील, वाईस नव्हते. साताऱ्यास एका दुकानात असल्याचे दूरध्वनीवर कळले, पुतण्या एस.टी.ने जाऊन ते संध्याकाळी घेऊन आला. मध्यंतरीच्या वेळात मी गावात हिंडलो. ज्या गावी केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा झाली, ज्या गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला, तेथे संस्कृत शिकलेल्या माणसाचे पाऊल जरा जपूनच पडते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात अंतर्ज्वलन-एंजिनावर नोंद आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात तो खंड होता, आणि पानांची घडीही न मोडलेल्या स्थितीत मी तो वर्षानुवर्षे पाहिला होता. दर्शने आणि कोश यांत बुडालेल्या पंडिताने पंप व पिस्टन यांनाही मराठीत जागा करून दिली, आणि मी मात्र तीस वर्षे ज्या गाडीत बसलो तिच्या पोटात काय चालते ते पाहिले नाही, ही जाणीव फारशी सुखाची नव्हती. वहिनी रिक्षातून मेणवलीस जाऊन आल्या. नाना फडणविसांच्या त्या घाटावरील मोठी घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, दादांनी त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षी दाखविली होती म्हणे. हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जोडणी झाली. जुन्या कागदी गॅस्केटचे अवशेष मिस्त्रीने पात्याने खरवडून काढले. तेवढ्या एका कामाला त्याने पाऊण तास घेतला. कोणी घाई केली असती तर चालली असती, पण पुन्हा गळती तेथूनच सुरू झाली असती. नवे गॅस्केट घालून बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. पट्टा अंगठ्याने दाबता अर्धा इंच दबेल इतका ताणला. रेडिएटरात उलट बाजूने नळाचे पाणी सोडले, तेव्हा विटकरी गढूळ पाणी बराच वेळ येत राहिले. हा सगळा गंज आमच्या हातचा होता. पुण्यात आम्ही बोअरचे जड पाणी घालीत होतो. त्याने आत क्षार बसतात, लोखंड गंजते आणि सीलची कडी त्या कणांनी घासली जाते. गाडी करणाऱ्याकडे बोट दाखविण्याचे कारणच नव्हते. आता शीतक व शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी समभाग मिसळून भरले. शीतकाचे काम थंडीत पाणी गोठू न देणे एवढेच आहे असे पुष्कळांस वाटते व आपल्याकडे त्याची गरज काय, असा प्रश्न ते करतात. परंतु त्यातील गंजरोधक द्रव्ये आपल्यालाही तितकीच हवी असतात. एक सावधगिरी मात्र घरोघरी सांगितली पाहिजे. हा द्रव चवीला गोड आणि पोटात विषारी आहे. निघालेले जुने पाणी मिस्त्रीने घमेल्यात धरले होते. त्याचे कुत्रे तिकडे वळताच त्याने प्रथम घमेले उचलले व मग कुत्र्यास हाकलले. लहान मुलांच्या घरात याचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर असावा.

टोपण न लावता एंजिन चालू ठेवले. थर्मोस्टॅट उघडताच आत अडकलेली हवा निघाली, पातळी खाली गेली, पुन्हा भरली. जुन्या टोपणाचे रबर वाळून तडकलेले होते. ते दाब धरीत नव्हते म्हणूनच घाटात पाणी इतक्या लवकर उकळले. नवे टोपण बसले. सारा खर्च, किट व शीतक धरून, तीन हजारांच्या आत झाला. हेड उघडण्याचा जो अंदाज पुण्यात मिळाला होता त्याच्या पावपटही नाही. वहिनींनी मिस्त्रीच्या हातावर वेगळे पाचशे रुपये ठेवले, ते त्याने घेतले नाहीत. दशम्यांचा उरलेला डबा मात्र घेतला. निघताना पुतण्याला म्हणाला, "रातच्याला गाडीखाली कागुद टाकत जावा. सकाळी कागुद बघायचा. गाडी बोलती त्याच्यावर."

पसरणीचा घाट आम्ही दुसऱ्या प्रयत्नात पस्तीस मिनिटांत चढलो. या वेळी मी पांडवगडाकडे पाहिले नाही; त्याचे वर्णन वाचकांनी दुसऱ्या कोणाकडून घ्यावे. काटा मध्यावर येऊन जो स्थिर झाला तो पांचगणीच्या पठारापर्यंत हलला नाही. क्षेत्र महाबळेश्वरी पोहोचलो तेव्हा देवळात गर्दी नव्हती. पंचगंगेच्या कुंडाशी वहिनी किती तरी वेळ बसून होत्या. आम्ही दोघे बाहेर थांबलो.

रात्री भक्तनिवासाच्या अंगणात पुतण्याने गाडीखाली वर्तमानपत्र पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. पहाटे मला जाग आली ती बाहेरच्या पावलांनी. दार उघडून पाहतो तो अंगावर शाल घेतलेल्या वहिनी, एका हातात विजेरी, दुसरा हात गुडघ्यावर, गाडीखाली वाकून पाहत होत्या. दव पडून टप चिंब झाला होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "कागद कोरडा आहे."

परतल्यावर पुतण्याने नोंदणी वाढविण्याचा अर्ज भरला. घरातील बैठक पुन्हा काही भरली नाही.